तळ दिसेल असं पाणी

आमच्या घरात जागा निवडून कुठे जायची पद्धतच नव्हती. माणसं जात ती कारणाने. कुणाचं लग्न निघालं, कुणी गेलं, जत्रा आली, मुंबईला नोकरी लागली, की जायचं. जागा कारणाबरोबरच ठरलेली असायची. नुसतं बघण्यासाठी एखादी जागा निवडायची आणि तिथे जाऊन यायचं, हे मी वयाच्या बाविसाव्या वर्षी केलं. तेसुद्धा स्वतःसाठी नाही, वडिलांसाठी.

साठ सालाच्या थोडी आधीची ही गोष्ट. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मी सातवीची फायनल पास होऊन महाडच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. तिथेच एका खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारची एसटी धरून पोलादपूरमार्गे कापड्याला घरी जायची. घरी आई-बाबा आणि भाताची चार खाचरं. थोरला भाऊ मुंबईला गोदीत मालाची चढउतार करायचा. शिमग्याला, गणपतीला आणि जमलं तर दिवाळीला यायचा.

बाबा शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वेगळी होती. ते बुड्या मारत. गावाखाली नदीचा मोठा डोह आहे. तिथे कुणाचा हंडा बुडाला, विहिरीत कुणाची कळशी पडली, की बाबांना बोलावणं यायचं. श्वास किती वेळ धरत ते मी कधी मोजलं नाही. पण लहानपणी काठावर बसून मीही माझा श्वास धरायची आणि ते वर यायच्या आत मला दोनदा सोडावा लागायचा. भांड्यांसाठी बोलावत तसं माणसांसाठीही बोलावत. पावसाळ्यात कुणी वाहून गेलं की निरोप्या आधी आमच्या अंगणात. बाबा जेवते ताटावरून उठून जात. त्याबद्दल त्यांनी कुणाकडून कधी नारळसुद्धा घेतला नाही.

मी नोकरीला लागले त्या वर्षीच्या श्रावणात शेजारच्या घरातली सून कपडे धुताना घसरली. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. पाणी चहासारखं लाल. बाबा दोन दिवस डोहात उतरत होते. तिसऱ्या दिवशी सापडली. त्या शनिवारी मी घरी गेले, तर ते ओटीवर हात मांडीवर उलटे टाकून बसलेले. आईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "त्यांच्या हाताला आधी बांगड्या लागल्या गो. तेव्हापासनं असंच बसलेत. बोलत नाय." पुढे ते बोलायला लागले, शेतावर जायला लागले, पण डोहावर आंघोळीला जाणं त्यांनी सोडलं. आडाचं पाणी काढून अंगणात आंघोळ करायचे.

त्याच्या पुढच्या दिवाळीला भाऊ आला, तो एक वस्तू घेऊन. जाड काच, भोवती काळं रबर, मागे पट्टा, आणि बरोबर एक वाकडी नळी. परदेशी बोटीवरच्या एका खलाशाने जाताना त्याला दिली होती.

"हे काय रे?" आईने विचारलं.

"फॉरेनचा चष्मा हाय. हा लावून पाण्यात डोकं घातलं, तर सगळं हवेतल्यासारखं दिसतं. नळी तोंडात धरायची, वरच्या वर श्वास घ्यायचा. साहेब लोक सुट्टी घेऊन बेटावर जातात आणि दिवसभर पालथे पडून मासे बघतात."

"पकडत नाय?"

"नाय. नुसते बघतात."

आई हसून हसून खाली बसली. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा हातात घेतला, काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाण्यात मी आजवर हातांनीच बघितलंय. डोळ्यांनी नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून डोहावर निघाले. आम्ही दोघं भावंडं मागोमाग. दिवाळीनंतर नदी निवळते, पाणी हिरवट पण स्वच्छ होतं. भावाने खलाशाने शिकवल्याप्रमाणे काचेवर थुंकून ती चोळली, म्हणजे वाफ धरत नाही. बाबांनी चष्मा चढवला आणि पाण्यात तोंड घातलं. मी मनात मोजायला लागले. वीससुद्धा झाले नसतील, ते उभे राहिले. चष्मा काढला. चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं बाबा? पाणी गेलं का नाकात?"

"नाय. दिसतंय चांगलं." ते काठावर येऊन बसले. चष्मा बाजूला ठेवून म्हणाले, "हितला दगड न् दगड माझ्या हाताच्या वळखीचा. कुठल्या दगडाशी कोण सापडलं, सगळं ठावं हाय मला. हितं नको बघायला. दुसरीकडचं पाणी असतं तर बघितलं असतं."

एवढंच बोलून ते घरी गेले. भाऊ चष्मा पिशवीत टाकून म्हणाला, "जाऊ दे. मुंबईत विकून टाकतो." मी तो त्याच्याकडून मागून घेतला.

महाडला परत येताना एसटीत माझ्या डोक्यात तेच वाक्य. दुसरीकडचं पाणी. पण कुठलं? मी पोरींना भूगोल शिकवत होते. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तर फार लांब नाही, नकाशावर बोटाच्या पेराएवढा. तरी आमच्या घरात भाऊ सोडला तर कुणी तो पाहिलेला नव्हता. मी वहीचं एक पान काढलं, वर लिहिलं "जागा", आणि विचारायला सुरुवात केली.

आईचं मत तयारच होतं. "हरिहरेश्वर. देवाचं दर्शन होईल, तुमचं पाणीही होईल." भावाने पत्राने कळवलं, घारापुरीला चला, गोदीतून लाँच जाते. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई लग्नानंतर मुरूडला जाऊन आल्या होत्या. त्या जंजिऱ्याचं असं वर्णन करायच्या की ऐकणाऱ्याने लगेच गाठोडं बांधावं. पाण्यात उभा किल्ला, त्याच्या तोफा, शिडाची होडी. मी तिन्ही नावं वहीत लिहिली. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: तळ दिसतो का? याचं उत्तर तिघांपैकी कुणाकडेच नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, तळ कोण बघतं? किल्ला बघायचा."

महाडच्या बाजारात दासगावहून मासळी घेऊन येणारी एक बाई होती. मी तिलाच विचारलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. मास्तरीण वेडी झाली की काय, असं तिच्या डोळ्यांत होतं. पण म्हणाली, "आमच्या दासगावात एक म्हातारा तांडेल हाय. जन्मभर गलबतं चालवली त्यानं. त्याला विचार."

पुढच्या रविवारी मी कापड्याला न जाता दासगावला गेले. खाडीच्या काठाला, उपड्या होडीच्या सावलीत म्हातारा जाळं विणत बसला होता. एका डोळ्यात फूल पडलेलं. मी सगळं सांगितलं. डोहाचं आणि त्या सुनेचं सोडून. तोही सुरुवातीला हसेल असं वाटलं होतं, पण त्याने हातातलं काम थांबवलं.

"बापाला दाखवायचाय तळ?"

"होय."

"हरिहरेश्वराला नको. तुमची सावित्री नदी तिथंच दर्यात पडते. तुमच्याच शेतांचा गाळ घेऊन येते. तिथं पाण्यात डोकं घातलंस, तर घरचीच माती दिसेल."

मी वहीत हरिहरेश्वरावर रेघ मारली.

"मुंबईचं पाणी तेलानं माखलेलं. आणि जंजिरा किल्ला बघायला चांगला, पण त्यालाही खाडी शेजारी हाय. जिथं खाडी, तिथं गाळ." मग त्याने मला पाणी कसं निवडायचं ते शिकवलं. खाडीच्या तोंडापासून लांब. वाळू नुसती नको, खडक हवा, कारण मासा खडकाला राहतो. पाऊस सरून दोन महिने तरी गेलेले हवेत. पुनवेला, अवसेला उधाण असतं, पाणी ढवळतं, म्हणून अष्टमीच्या आसपास जायचं. ऊन डोक्यावर यायच्या जरा आधी उतरायचं. बाविसाव्या वर्षापर्यंत मला कुणी इतक्या गंभीरपणे काही शिकवलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही.

"मग जागा कुठली?" मी विचारलं.

"मालवण. किल्ल्याच्या मागल्या अंगाला. मी तिथं नांगर टाकला, की नांगर कुठल्या दगडाला धरलाय ते वरनं दिसायचं."

किल्ला म्हणजे बेटच. त्याच्या आत काही घरं होती, माणसं राहत होती. त्यातल्या एका म्हातारीच्या नवऱ्याबरोबर तांडेलाने पूर्वी काम केलं होतं. "तिच्या पडवीत झोपा. माझं नाव सांगा," तो म्हणाला. मी निघताना त्याने विचारलं, "बाप पोहतो ना?" मी हो म्हटल्यावर पुन्हा जाळ्याकडे वळला.

खोलीवर येऊन मी पंचांग उघडलं. नाताळच्या सुट्टीत अष्टमी बसत होती. मला एकदम भीती वाटली. आतापर्यंत ते वहीतलं पान होतं, आता ते खरं व्हायला लागलं. माझ्या आयुष्यातल्या साऱ्या गोष्टी दुसऱ्या कुणीतरी ठरवलेल्या होत्या, आणि त्या चुकल्या तर राग कुणावर काढायचा ते माहीत असायचं. इथे चूक झाली तर माझी. चार माणसं दोन दिवस प्रवास करून जाणार आणि तिथेही लाल पाणी निघालं तर?

घरी सांगितलं तेव्हा आईच आधी अडली. "देव नाय तिथं कशाला जायचं?"

"किल्ल्यात महाराजांचं देऊळ हाय म्हणतात."

"मंग आधी सांगायचं की गो!"

बाबा गोठ्यातून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "भाताची झोडणी आटपली की जाऊ." आणि परत आत गेले.

पोलादपूरच्या स्टँडवर ओळखीच्या एकाने आमची गाठोडी पाहून विचारलं, "कुणाचं लग्न हाय काय?"

"नाय. मालवणला पाणी बघायला चाललोय," बाबा म्हणाले.

"मंग आपल्या नदीत काय ताक वाहतंय?"

स्टँडवरची सगळी माणसं हसली. बाबाही थोडे हसले. कशेडी घाटातून खेड, तिथून दापोली आणि हर्णै. भाऊ मुंबईहून बोटीने येऊन आम्हाला हर्णैच्या समुद्रात भेटणार होता. बोट किनाऱ्यापासून लांब थांबायची. पडावात बसून लाटांवर हेलकावत तिच्यापाशी जायचं आणि शिडीने चढायचं. आईने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा, डोळे घट्ट मिटून. बोटीत ती रिकामं डबडं पोटाशी धरून आडवी झाली. भाऊ तिच्या कपाळाला लिंबू चोळत होता. बाबा कठड्याला उभे. मी शेजारी गेले तेव्हा ते म्हणाले, "काठ दिसत नाय गो." त्यांच्या आवाजात भीती होती की आणखी काही, ते मला कळलं नाही.

मालवणला सकाळी उतरलो आणि होडीने किल्ल्यात गेलो. किल्ल्यातली म्हातारी दारात भांडी घासत होती. तांडेलाचं नाव सांगितल्यावर तिने राखेचे हात लुगड्याला पुसले आणि "अगो माझ्या बाये, जितो आसा तो?" म्हणून रडायलाच लागली. मग आम्हाला विहिरीवर घेऊन गेली. भोवती सगळा खारा समुद्र आणि आत गोड पाणी. आईने ओंजळभर प्यायलं आणि पुढचे तीन दिवस ती भेटेल त्याला त्या पाण्याचं कौतुक सांगत होती.

माझं पाणी मात्र मला फसवत होतं. पहिल्या दिवशी वारा सुटला. म्हातारीचा पुतण्या होडी चालवायचा. त्याने किल्ल्याच्या मागे एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "आज पाणी ढवळलेला आसा. उद्या बघूया." दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. डिसेंबरात, आणि आभाळ! बाबा तरी उतरले. दोन हातांपुढचं दिसत नव्हतं. वर आले आणि चष्मा पुसून पिशवीत ठेवला. मी तटावर जाऊन बसले. वही बरोबर होती, ती समुद्रात फेकून द्यावीशी वाटली.

बाबा शेजारी येऊन बसले. "रडतेस कशाला?"

"मी चुकीची जागा निवडली."

"शेतकऱ्याच्या घरात जन्मलीस आणि एका दिवसाचं आभाळ बघून रडतेस?" मग म्हणाले, "माझ्यासाठी आजवर कुणी जागा बघितली नव्हती गो."

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या धावत आला. वारा पडला होता. समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट. होडीत आम्ही चौघं आणि तो. किल्ल्याला वळसा घालून खडकांशी आलो आणि मी काठावरून खाली पाहिलं. तळ दिसत होता. चष्म्याशिवाय, होडीतून. वाळूवर आमच्या होडीची सावली पडली होती आणि तिच्या बाजूने बारीक मासे चालले होते.

बाबांनी काचेवर थुंकून ती चोळली, नळी तोंडात धरली आणि उतरले. पालथे पडून तरंगत राहिले, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. त्यांचे हात पाण्यात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. नेहमी ते काहीतरी चाचपत असायचे. खूप वेळ झाला. आई घाबरून म्हणाली, "हाक मार रे त्यांना." पण नळीतून श्वासाचा आवाज येत होता, फूस, फूस. भाऊ म्हणाला, "बघू दे त्यांना."

शेवटी ते होडीला धरून वर झाले. चष्म्याच्या रबराचा वळ कपाळभर उमटला होता.

"काय दिसलं?" आईने विचारलं.

"सगळं दिसलं. निळे मासे, पिवळे पट्ट्यांचे मासे. खडकाला झाडासारखं काय काय लागलंय, हलतंय. एक खेकडा माझ्याकडे बघत होता." ते दम घेऊन थांबले. मग आईकडे बघून हळूच म्हणाले, "सगळीकडे बघितलं. खडकाखाली पण बघितलं. माणूस कुणी नाय तिथं."

आईने पदर डोळ्यांना लावला. होडीवाल्याला काही कळलं नाही, तो हसत होता.

मग बाबांनी मला हाक मारली. "ये गो बाय."

"मला पोहता येत नाही."

"मी हाय ना."

मी नऊवारीचा काष्टा घट्ट खोवला आणि होडीच्या काठावरून त्यांच्या हातांत उतरले. पाणी गार होतं. त्यांनी एक हात माझ्या पोटाखाली धरला. चष्मा चढवून मी तोंड घातलं, आणि आधी घाबरून नाकाने श्वास घ्यायला गेले, ठसका लागला. दुसऱ्यांदा जमलं. मी भूगोलात पोरींना सांगत असे की समुद्राचा तळ जमिनीसारखाच उंचसखल असतो. ते खरं होतं, पण मला ते माहीत नव्हतं. खाली छोटी टेकाडं होती, दऱ्या होत्या, आणि उन्हाच्या जाळीदार रेघा त्यांच्यावरून सरकत होत्या. मासे माझ्या बोटांपर्यंत येऊन वळत होते. मी किती वेळ पाहिलं कोण जाणे. बाबांचा हात पोटाखाली होता तोवर मला बुडण्याचा विचारसुद्धा आला नाही. मग तो हात सुटला, मी गटांगळी खाल्ली आणि ते हसायला लागले. मुद्दामच सोडला होता.

परतीच्या बोटीत आईला डबडं लागलं नाही. ती कठड्याला उभी राहून सगळे काठ पाहत होती.

त्या वैशाखात बाबांनी मला पोहायला शिकवलं. पोलादपूरच्या वरच्या बाजूला नदीचं एक उथळ पात्र आहे, तिथे. पाठीला वाळका भोपळा बांधून बाविशीतली मास्तरीण हातपाय मारते आहे, हे बघायला बायका धुणी सोडून उभ्या राहायच्या. एकीने विचारलं, "हिचं लग्न कोण करणार आता?" बाबा पाण्यात छातीएवढे उभे होते. त्यांनी वळून बघितलं. "तुझ्या पोरीला पाठव उद्या," ते म्हणाले, "पाय घसरला तर काठाला तरी लागेल."

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी दोघी आल्या, आपापले भोपळे घेऊन.